एकशे अठ्ठावीसमधल्या आठ जागा

जून सरता सरता आपल्याकडे दोन गोष्टी एकदम होतात. पाऊस स्थिरावतो आणि टीव्हीवर विंबल्डन सुरू होतं. पावसाचं आपल्याला कळतं आणि विंबल्डनचं घरातल्या पुरुषांना आणि मुलांना कळतं, असा एक समज आहे. मी तो मानत नाही. टेनिस हा बघायला अगदी सोपा खेळ आहे. समोरासमोर दोघंच असतात, मधे कुणी बदली खेळाडू येत नाही, आणि कोण दमलंय, कोण घाबरलंय ते चेहऱ्यावर दिसतं. भाजी निवडता निवडता बघता येतं. गुण पंधरा, तीस, चाळीस असे का मोजतात हे विचारू नका, मलाही कुणी धड सांगितलेलं नाही. त्यावाचून काही अडत नाही.

पुरुषांच्या सामन्यात माझा पक्ष आधीच ठरलेला असतो. ज्याचं नाव मी कधी ऐकलेलं नाही, त्याच्या बाजूनं मी. घरात यावरून थट्टाही होते. पण मी पाहिलंय, बहुतेक बायकांचं असंच असतं. लहानपणापासून आपल्याला दोन म्हणी पाठ करून दिलेल्या असतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत आणि लहान तोंडी मोठा घास घेऊ नये. कुणीतरी उठतो, तो मोठा घास घेतो आणि चक्क पचवतो, हे बघताना जरा बरं वाटतं, इतकंच.

आता हे धक्कादायक निकाल लागतात कसे, ते समजायला स्पर्धेची मांडणी थोडी माहीत हवी. विंबल्डनला पुरुष एकेरीत १२८ खेळाडू असतात. जिंकणारा पुढे, हरणारा घरी. सात सामने जिंकले की विजेता. यातले ३२ जण मानांकित. म्हणजे त्यांना क्रमांक देऊन ड्रॉमध्ये अशा रीतीनं दूर दूर बसवतात की बड्यांची बड्यांशी गाठ सुरुवातीलाच पडू नये. पूर्वी मानांकित १६ असत, २००१ पासून ३२ केले. थोडक्यात, ज्यांचं आधीच बरं चाललंय त्यांना आणखी थोडं संरक्षण. (व्यवहारात इतर ठिकाणीही असंच असतं म्हणा.)

मग बाकीचे येतात कुठून? बरेचसे जागतिक क्रमवारीवरून थेट येतात. १६ जण पात्रता फेरीतून येतात, म्हणजे मुख्य स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात लंडनमध्ये दुसऱ्या मैदानावर तीन सामने जिंकून. आणि आठ जागा आयोजक आपल्या हातात ठेवतात. क्रमवारीत न बसणाऱ्या कुणालाही त्या देता येतात. यालाच वाइल्ड कार्ड म्हणतात. मला ज्यावर लिहायचंय त्या याच आठ जागा.

२००१ साली त्यातली एक जागा गोरान इव्हानिसेविच नावाच्या माणसाला मिळाली. क्रोएशियाचा, डावखुरा, उंचापुरा. एके काळी जगात दुसऱ्या क्रमांकावर होता. विंबल्डनची अंतिम फेरी तो तीनदा हरला होता. १९९२ साली आंद्रे आगासीकडून, १९९४ आणि १९९८ साली पीट सॅम्प्रासकडून. तीनदा दारापर्यंत जाऊन परत. त्यानंतर डावा खांदा दुखावला, आणि ज्याचा सगळा खेळ सर्व्हिसवर त्याचा खांदाच गेला तर राहिलं काय? क्रमवारीत तो १२५ व्या स्थानावर घसरला. २००० च्या अखेरीस इंग्लंडमधल्या एका स्पर्धेत रागाच्या भरात त्यानं जवळच्या साऱ्या रॅकेट मोडून टाकल्या आणि खेळायला रॅकेटच नाही म्हणून सामना सोडावा लागला. जानेवारी २००१ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या पात्रता फेरीतच तो हरला. अशा माणसाला विंबल्डनवाल्यांनी जागा दिली ती जुन्या ओळखीखातर. तो जिंकेल असं देणाऱ्यांच्याही मनात नसणार.

आणि तो जिंकत गेला. कार्लोस मोया, तेव्हा अठरा वर्षांचा असलेला अँडी रॉडिक, ग्रेग रुसेडस्की, मरात साफिन. सर्व्हिस अशी की समोरच्याची रॅकेट हलायच्या आत चेंडू मागच्या कापडावर. त्या पंधरवड्यात त्यानं दोनशेहून अधिक बिनतोड सर्व्हिस केल्या. रोज सकाळी लहान मुलांची ती ‘टेलिटबीज’ मालिका बघायची, त्याच हॉटेलात त्याच टेबलावर तेच जेवायचं. एकदा जिंकला ना, मग काही बदलायचं नाही! आपल्याकडची परीक्षेला जाताना दह्याची वाटी आठवते की नाही?

उपांत्य फेरीत इंग्लंडचा टिम हेन्मन. साऱ्या इंग्लंडला तो जिंकायला हवा होता. त्यानं तिसरा सेट ६-० असा घेतला आणि चौथ्यातही तो पुढे होता, तेवढ्यात पाऊस आला. शुक्रवारी सुरू झालेला सामना शनिवारी थोडा खेळला गेला आणि रविवारी संपला. पाऊस नसता तर इव्हानिसेविच बहुधा त्याच संध्याकाळी हरला असता, असं बरेच जण म्हणतात. मलाही तसंच वाटतं. हे लपवण्यासारखं नाही. दुबळ्याच्या जिंकण्यात नशिबाचा वाटा असतोच. फरक इतकाच की पाऊस दोघांवर सारखाच पडला होता आणि परत येऊन खेळला तो हा.

पावसामुळे अंतिम सामना सोमवारी गेला, ९ जुलैला. तिकिटं त्याच दिवशी रांगेत विकली गेली, त्यामुळे एरवी टायकोट घालून बसणाऱ्या प्रेक्षकांच्या जागी झेंडे घेऊन ओरडणारी ऑस्ट्रेलियाची आणि क्रोएशियाची पोरं बसली होती. समोर ऑस्ट्रेलियाचा पॅट राफ्टर, मोठा गुणी खेळाडू, आदल्या वर्षी तोही अंतिम फेरी हरलेला. ६-३, ३-६, ६-३, २-६ असं करत दोघं पाचव्या सेटला आले. तिथे इव्हानिसेविचला विजयाचा पहिला गुण मिळाला तेव्हा त्यानं दुहेरी चूक केली. दुसरा मिळाला, पुन्हा दुहेरी चूक. तिसरा राफ्टरनं वाचवला. ज्याच्या सर्व्हिसला जग घाबरतं त्याचा हात नेमका तिथेच थरथरला. चौथ्या वेळी राफ्टरचा फटका जाळीत गेला आणि ९-७ असा सेट संपला. प्रेक्षकांत बसलेल्या वडिलांपर्यंत तो धावत गेला. १९९३ साली मोटार अपघातात गेलेला त्याचा मित्र, बास्केटबॉलपटू द्राझेन पेत्रोविच, याला त्यानं तो विजय वाहिला आणि स्प्लिट या आपल्या गावी मिरवणुकीत त्याच मित्राची जर्सी घालून तो उभा राहिला. लाखाहून अधिक माणसं जमली होती. वाइल्ड कार्डवर आलेल्या पुरुषानं विंबल्डन जिंकल्याचं ते एकमेव उदाहरण आहे.

ही गोष्ट सगळे सांगतात, मीही सांगितली. पण मला कुतूहल आहे ते दुसऱ्याचं. मोठ्याला हरवून लहान नाव एका दिवसात जगभर होतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी काय होतं?

२००२ साली स्वित्झर्लंडचा जॉर्ज बास्टल पात्रता फेरीतच हरला होता. कुणीतरी माघार घेतली म्हणून त्याला आत घेतलं. १४५ वा क्रमांक. दुसऱ्या फेरीत त्याच्यासमोर आला सात वेळचा विंबल्डन विजेता पीट सॅम्प्रास, आणि सामना ठेवला होता कोर्ट नंबर दोनवर. तिथे इतके विजेते गारद झालेत की त्याला विजेत्यांचं स्मशान म्हणायचे. बास्टल पाच सेटमध्ये जिंकला. पुढच्याच फेरीत हरला, आणि नंतर त्याचं नाव फारसं कुणी काढलं नाही.

पण त्या सामन्यातली एक गोष्ट आपल्या पानावर यायला हवी. मधल्या विश्रांतीत खुर्चीवर बसून सॅम्प्रास एक कागद वाचत होता. ते त्याच्या बायकोचं पत्र होतं. तू कोण आहेस ते विसरू नकोस, अशा अर्थाचं. जगभरच्या कॅमेऱ्यांनी ते टिपलं. त्याआधी दोन वर्षं कुजबुज चालू होती की २००० साली यानं लग्न केलं आणि याचा खेळ संपला. खरोखरच २००० च्या विंबल्डननंतर त्यानं एकही स्पर्धा जिंकली नव्हती, तेव्हा लोकांना कारण सापडलं. आपल्याकडेही सून पायगुणाची निघाली की नाही हे असंच ठरतं ना? त्या बिचारीनं पत्र लिहून धीर दिला, तरी सामना हरलाच. मात्र दोन महिन्यांनी, सप्टेंबर २००२ मध्ये, हाच सॅम्प्रास अमेरिकन ओपन जिंकला. ते त्याचं चौदावं ग्रँड स्लॅम, आणि त्यानंतर व्यावसायिक टूरवर तो पुन्हा एकही सामना खेळला नाही. पायगुणवाले तेव्हा काय म्हणाले ते कुठे छापून आलं नाही.

२०१२ साली चेक प्रजासत्ताकाच्या लुकास रोसोलनं, क्रमांक १००, राफेल नदालला दुसऱ्या फेरीत पाच सेटमध्ये हरवलं. अंधार पडला म्हणून पाचव्या सेटआधी छप्पर बंद केलं, दिवे लावले, आणि हा पठ्ठ्या त्या दिव्यांखाली असा खेळला की नदालला चेंडू दिसत नव्हते. पुढच्या फेरीत रोसोल हरला. २०१३ साली बेल्जियमच्या स्टीव्ह डार्सिसनं, क्रमांक १३५, पुन्हा नदालला, तेही पहिल्याच फेरीत हरवलं. त्या सामन्यातच त्याचा खांदा गेला आणि दुसऱ्या फेरीला तो उतरूच शकला नाही. त्याच आठवड्यात युक्रेनच्या सर्गेई स्टाखोव्हस्कीनं, क्रमांक ११६, गतविजेत्या रॉजर फेडररला हरवलं. सलग ३६ ग्रँड स्लॅममध्ये किमान उपांत्यपूर्व फेरी गाठणाऱ्या फेडररची साखळी तिथे तुटली. स्टाखोव्हस्की पुढच्या फेरीत हरला. (हाच माणूस २०२२ साली रशियानं हल्ला केल्यावर आपल्या देशाच्या संरक्षणासाठी बंदूक घेऊन उभा राहिला.)

सगळे पुढच्याच सामन्यात गेले. वर्तमानपत्रं याला ‘एका दिवसाचा राजा’ म्हणतात, जरा हिणवल्यासारखं. मला ते पटत नाही. एवढा मोठा सामना काढल्यावर अंगात काही उरतच नाही, हे बाळंतपण काढलेल्या, लग्नकार्य पार पाडलेल्या कुठल्याही बाईला सांगायला नको. नदालकडे दुखऱ्या स्नायूंना चोळायला माणूस असतो, प्रशिक्षक असतो, डॉक्टर असतो. शंभराव्या क्रमांकावरचा खेळाडू विमानाचं तिकीट आणि हॉटेलचं भाडं स्वतःच्या खिशातून भरतो. आपला सुमित नागल आठवा. हरियाणातल्या शिक्षकाचा मुलगा. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यानं सांगितलं होतं की बँकेत ९०० युरोच्या आसपास उरलेत. चारच महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, पात्रता फेरीचे तीन सामने जिंकून तो ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये शिरला आणि ३१ वा मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला त्यानं सरळ सेटमध्ये हरवलं. ग्रँड स्लॅम एकेरीत भारतीयानं मानांकित खेळाडूला हरवलं ते ३५ वर्षांनी. आधी १९८९ साली रमेश कृष्णननं मॅट्स विलँडरला तिथेच हरवलं होतं. नागलही दुसऱ्या फेरीत हरला. पण दुसऱ्या फेरीत हरण्याचे त्या वर्षी एक लाख ऐंशी हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले, आणि ज्याच्या खात्यात ९०० युरो होते त्याचं पुढचं वर्ष त्यावर उभं राहिलं. एका सामन्याचा राजा म्हणायला सोपं आहे.

आता मार्कस विलिसबद्दल. हा माझा विशेष लाडका. इंग्लंडचा, वय २५, क्रमांक ७७२. एका क्लबात तासाला ३० पौंड घेऊन मुलांना आणि म्हाताऱ्यांना टेनिस शिकवायचा आणि आई-वडिलांकडे राहायचा. २०१६ च्या सुरुवातीला त्यानं खेळणं सोडून अमेरिकेत प्रशिक्षकाची नोकरी धरायचं ठरवलं होतं. तेवढ्यात एका मुलीशी ओळख झाली. ती दातांची डॉक्टर. ती म्हणाली, जाऊ नकोस, खेळ. आणि हा थांबला.

लक्षात घ्या, विलिसला मुख्य स्पर्धेचं वाइल्ड कार्ड कुणी दिलं नाही. पात्रता फेरीत तरी घ्या, यासाठी ब्रिटिश खेळाडूंच्या आपापसातल्या सामन्यांत ऐन वेळी जागा झाली म्हणून तो शिरला. तिथे तीन जिंकले. मग पात्रता फेरीचे तीन जिंकले. मग मुख्य स्पर्धेत ५४ व्या क्रमांकाच्या बेरांकिसला हरवलं. सातवा विजय! तेव्हा कुठे सेंटर कोर्टवर फेडररसमोर उभं राहायला मिळालं. तिथे पहिला सेट ०-६ गेला. दुसऱ्या सेटमध्ये त्यानं पहिला गेम जिंकला तेव्हा सारं मैदान, जणू अंतिम सामनाच जिंकला असावा, असं ओरडत होतं. ०-६, ३-६, ४-६ असा तो हरला. ते दृश्य कधी मिळालं तर जरूर बघा.

यावरून वाइल्ड कार्डाबद्दल एक कडू गोष्ट सांगायला हवी. ते बहुधा ओळखीच्यालाच मिळतं. इव्हानिसेविचला मिळालं कारण तीनदा अंतिम फेरीत दिसलेला चेहरा होता. विंबल्डनची कार्डं बरीचशी ब्रिटिश मुलांना जातात, फ्रान्सची फ्रेंचांना. आपल्या पुण्यात बालेवाडीला २०१८ ते २०२३ महाराष्ट्र ओपन व्हायची, तिथे भारतीय मुलांना मिळायची. २०२३ साली पंधरा वर्षांच्या मानस धामणेला मिळालं. तो पहिल्याच सामन्यात हरला आणि जागा फुकट गेली असं कुणी म्हटलं नाही. आपल्या पोराला दिलेली जागा फुकट जात नसते. ज्याचं घर नाही, ज्याच्या देशात मोठी स्पर्धा नाही, त्यानं पात्रता फेरीतून रांगत यायचं. म्हणून जागा ठेवली एवढ्यानं भागत नाही. ती कोण वाटतं आणि कुणाला, हे विचारावंच लागतं.

हे सगळं डोक्यात घोळतंय त्याला कारण आहे. आमचं महिला मंडळ दहावीचा वर्ग चालवतं. शाळा सुटलेल्या बायका सतरा नंबरचा फॉर्म भरून परीक्षेला बसतात, त्यांच्यासाठी संध्याकाळी दोन तास. खोली एकच, त्यामुळे जागा ३२. अर्ज दरवर्षी जास्त येतात. मग निवड कशी? जिची शाळा उशिरा सुटली तिला आधी. नववीतून सुटलेली आधी, मग आठवीतली. पाचवीत शाळा सुटलेली बाई यादीच्या तळाला राहते आणि पुढच्या वर्षीही तळालाच राहते. वह्या-पुस्तकांचा आणि परीक्षेच्या फीचा खर्च देणारी मंडळी वर्षाअखेर एकच विचारतात, निकाल किती टक्के लागला? टक्का चांगला हवा तर मानांकित आधी घ्यायचे, हे ओघानं आलं.

गेल्या बैठकीत मी म्हटलं, दोन जागा यादीबाहेर ठेवूया. विंबल्डनला १२८ मध्ये आठ, म्हणजे सोळात एक. आपल्या ३२ मध्ये दोन. हिशेब तोच. आमच्या खजिनदार काकू माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या, हा वर्ग त्यांनीच सुरू केलेला. त्या म्हणाल्या, “अगं, त्या दोघी नापास झाल्या तर टक्का खाली येतो. पुढच्या वर्षी पैसे कुणाकडे मागायचे? त्यात बाकीच्या तिशीचंही नुकसान.” त्यांची काळजी खोटी नाही. पैसे मागायला दारोदार त्याच जातात. दुसरी एक जण म्हणाली, “आणि त्या दोन जागा मग कुणाच्या जावेला, कुणाच्या भाचीला जातील ते आत्ताच सांगते.” हेही खोटं नाही. वर लिहिलंच आहे.

तरीही मी मागणी सोडणार नाही. नातेवाइकांची भीती असेल तर नियम करू, समितीतल्या कुणाच्या नात्यातली नको, आणि निवड शिकवणाऱ्या बाईंनी करायची, आम्ही नाही. टक्क्याची भीती असेल तर देणगीदारांना स्वच्छ सांगू की तीस जणींचा निकाल हा आणि दोघींचा वेगळा. बहुतेक वाइल्ड कार्डवाले पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच हरतात हे मला माहीत आहे. आमच्याही हरतील. विंबल्डनवाल्यांनी म्हणून त्या आठ जागा बंद केलेल्या नाहीत.

इकडे बायकांच्या टेनिसमधलं एक उदाहरण काकूंसाठी राखून ठेवलंय. बेल्जियमची किम क्लायस्टर्स निवृत्त झाली, तिनं लग्न केलं, २००८ साली तिला मुलगी झाली. २००९ साली अमेरिकन ओपनवाल्यांनी तिला वाइल्ड कार्ड दिलं आणि ती स्पर्धा जिंकली. दीड वर्षांची लेक चषकाभोवती कोर्टवर दुडुदुडु फिरत होती. काकूंना नात आहे त्याच वयाची.

बैठक येत्या रविवारी दुपारी चारला आहे. दोन अर्ज मी बाजूला काढून ठेवलेत. एकीची शाळा पाचवीत सुटली, दुसरीची सहावीत. पहिली पोळ्या लाटायला चार घरी जाते आणि वर्गाची वेळ सहाऐवजी साडेसहा होईल का, असं तिनं अर्जाच्या खाली पेन्सिलीनं लिहिलंय.